जनुकीय संकेतावलीच्या उगमाचा प्रश्न

आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये साठविलेली असते, आरएनएच्या द्वारे ती कार्यस्थळी पोचते आणि अखेर प्रथिनांच्या रूपाने प्रकट होते, ही गोष्ट आता शालेय क्रमिक पुस्तकांतही आलेली असल्यामुळे स्वयंसिद्ध वाटू लागली आहे. परंतु या साऱ्या व्यवहाराच्या मध्यभागी ६४ नोंदींचा जो एक तक्ता आहे, ज्याच्या आधारे ४ अक्षरांत लिहिलेला मजकूर २० अमिनो आम्लांच्या साखळीत उतरतो, तो तक्ता अशाच स्वरूपाचा का, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. जी-यू-सी या तीन अक्षरांनी व्हॅलीनच का सूचित व्हावे, अन्य एखादे अमिनो आम्ल का नव्हे? सर्व ज्ञात जीवांना ही संकेतावली जवळजवळ समाईक आहे, आणि म्हणून त्यांच्या समाईक पूर्वजाच्याही आधी ती सिद्ध झालेली असली पाहिजे; तिच्या रचनेत जीवोत्पत्तीच्या काळाचा काही पुरावा उरला असेल, तर इतका प्राचीन पुरावा अन्यत्र मिळणे कठीण आहे. गेल्या साठ वर्षांत या प्रश्नावर कोणती मते मांडली गेली, त्यांवर कोणते आक्षेप आले आणि वाद आज कोठे येऊन ठेपला आहे, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

माहितीचा साठा आणि तिची नक्कल

डीएनएचा शोध आणि त्याच्या कार्याचा शोध यांच्यात पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर यांनी ट्युबिंगेन येथे, जखमांवरून काढलेल्या पट्ट्यांतील पुवाच्या पेशींपासून, फॉस्फरसयुक्त असे एक नवे द्रव्य वेगळे केले. परंतु हे द्रव्य म्हणजे चार घटकांची केवळ एकसुरी पुनरावृत्ती असावी, अशी समजूत पुढे रूढ झाल्यामुळे, आनुवंशिकतेचे अफाट वैचित्र्य त्यात मावेल असे फारसे कोणास वाटेना, आणि रसायनज्ञांची दृष्टी दीर्घकाळ प्रथिनांवरच खिळून राहिली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी, न्यूमोकॉकस जीवाणूचा एक प्रकार दुसऱ्यात कायमचा पालटविणारे द्रव्य डीएनएच आहे, असे दाखविले. पुढे एर्विन चारगॅफ यांच्या मोजमापांनी अॅडेनीन व थायमीन, तसेच ग्वानीन व सायटोसीन, यांची प्रमाणे जोडीजोडीने समान असतात हे उघड केले. आणि रोझलिंड फ्रँकलिन व मॉरिस विल्किन्स यांच्याकडील क्ष-किरण चित्रांचा आधार घेऊन जेम्स वॉट्सन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये केंब्रिज येथे जी दुहेरी सर्पिल रचना मांडली, तिने माहिती कशी साठते आणि तिची नक्कल कशी निघते, या दोन्ही प्रश्नांना एकदमच उत्तर दिले. एक धागा दुसऱ्याचा पूरक असल्यामुळे दोन्ही धागे विलग झाले की प्रत्येकावर नवा जोडीदार बेतता येतो. १९५८ मध्ये मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी जड नायट्रोजनाच्या साहाय्याने हेच प्रत्यक्ष घडते याची खातरजमा केली.

माहितीचा वापर हा मात्र निराळा प्रश्न होता. मूळ दस्तऐवज दप्तरखान्यात जपून ठेवावा आणि कामापुरती नक्कल कचेरीत धाडावी, त्या धर्तीवर पेशी डीएनएमधील एकेका भागाचे आरएनएमध्ये प्रतिलेखन करते, आणि हा अल्पायुषी संदेशवाहक आरएनए रायबोसोमपाशी जाऊन प्रथिन घडविण्याच्या कामी येतो. १९६१ मध्ये सिडनी ब्रेनर, फ्रांस्वा जेकब आणि मेसेलसन यांच्या प्रयोगांनी ही गोष्ट पक्की झाली. व्यवहार वाटला तितका सरळ नाही, हे पुढील काळात दिसून आले. आरएनएवरून डीएनए घडविणारे विकर १९७० मध्ये सापडले, आणि उच्चतर जीवांच्या जनुकांतील मजकूर सलग नसून नकलेतील मधले तुकडे कापून उरलेले भाग जोडावे लागतात, हे १९७७ मध्ये उघडकीस आले. मानवी जनुकसंचाच्या सुमारे ३ अब्ज अक्षरांपैकी प्रथिनांचा प्रत्यक्ष मजकूर तर जेमतेम १ ते २ टक्के आहे. तथापि या साऱ्या गुंतागुंतीने संकेतावलीच्या तक्त्याला धक्का लावला नाही, आणि आपला प्रश्न त्या तक्त्याचा आहे.

तर्काचा पराभव आणि प्रयोगाचा विजय

संकेतावलीविषयीचा पहिला तर्क जीवशास्त्रज्ञाने नव्हे, तर जॉर्ज गॅमो या भौतिकीज्ञाने केला. डीएनएच्या सर्पिलावर चार क्षारकांच्या मधोमध जी चौकटीसारखी पोकळी असते तिच्यात विशिष्ट अमिनो आम्ल नेमके बसत असावे, असे त्यांनी १९५४ मध्ये सुचविले, आणि अशा पोकळ्यांचे प्रकार मोजले तर ते बरोबर २० भरतात, ही बाब त्यांना मोठी आश्वासक वाटली. या योजनेत शेजारच्या संकेतांची अक्षरे सामाईक असल्यामुळे प्रथिनात कोणत्या अमिनो आम्लाशेजारी कोणते यावे यावर बंधन पडत होते, आणि ब्रेनर यांनी १९५७ मध्ये उपलब्ध प्रथिनांच्या क्रमांवरून असे बंधन अस्तित्वात नसल्याचे सिद्ध केले. त्याच वर्षी क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी, मजकूर कोठूनही वाचावयास घेतला तरी चुकीची त्रयी अर्थहीनच ठरावी, अशी एक योजना आखली; तिच्यातही अर्थपूर्ण त्रयींची संख्या नेमकी २० आली. इतकी सुबक योजना चुकीची असेल हे मानणे त्या काळी अनेकांस जड गेले.

१९६१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बेथेस्डा येथे मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी केवळ युरॅसिलची, म्हणजे यू या अक्षराची, पुनरावृत्ती असलेला आरएनए, पेशी फोडून मिळविलेल्या रसात घातला, आणि त्यातून केवळ फिनिलअॅलॅनीनची साखळी निघाली. यू-यू-यू ही त्रयी त्या सुबक योजनेत अर्थहीन ठरत होती. निसर्गात ती अर्थपूर्ण निघाली आणि योजना निकालात निघाली. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिक, ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जीवाणुभक्षी विषाणूच्या जनुकात एक किंवा दोन अक्षरे वाढविली तर मजकूर बिघडतो, परंतु तीन वाढविली तर बहुधा तो पुन्हा सुधारतो, असे दाखवून संकेत तीन अक्षरांचा असल्याचा निर्वाळा दिला. राहिलेले काम मुख्यतः निरेनबर्ग आणि हरगोविंद खोराना यांच्या प्रयोगशाळांनी तडीस नेले. अविभक्त पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेल्या खोराना यांनी विस्कॉन्सिन येथे ठराविक क्रमाचे आरएनए रासायनिक रीतीने घडविण्याचे अत्यंत चिकाटीचे कार्य केले. यू आणि सी यांची आलटून पालटून मांडणी केलेल्या आरएनएपासून सेरीन आणि ल्युसीन यांची आलटून पालटून बनलेली साखळी मिळते, अशा त्यांच्या निष्कर्षांना संदिग्धतेचा स्पर्शही नव्हता. १९६६ पर्यंत तक्ता पूर्ण झाला, आणि १९६८ चे नोबेल पारितोषिक निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली या तिघांना मिळाले.

हा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, २० ही संख्या अचूक जुळणे हा त्या काळी फार मोठा पुरावा मानला गेला आणि तो फोल ठरला; संकेतावलीच्या उगमाविषयी आजही जे आकड्यांचे युक्तिवाद होतात ते तपासताना ही आठवण जागी ठेवणे इष्ट आहे.

तक्त्यातील व्यवस्था

६४ त्रयींपैकी, म्हणजे कोडॉनांपैकी, ६१ अमिनो आम्लांसाठी आहेत आणि ३ समाप्तिदर्शक आहेत. ल्युसीन, सेरीन आणि आर्जिनीन यांच्या वाट्याला प्रत्येकी ६ कोडॉन आले आहेत, तर मेथिओनीन आणि ट्रिप्टोफॅन यांना एकेकावरच भागवावे लागते. तिसरे अक्षर बदलले तरी पुष्कळदा अर्थ बदलत नाही. ज्यांचे मधले अक्षर यू आहे ते सर्व कोडॉन जलद्वेषी अमिनो आम्लांचे आहेत, आणि मधले अक्षर ए असलेल्यांपैकी बहुतेक जलस्नेही अमिनो आम्लांचे आहेत. त्यामुळे एका अक्षराची चूक झाली तरी बदली येणारे अमिनो आम्ल बहुधा मूळच्यासारख्याच स्वभावाचे असते. ही तजवीज सर्वत्र लागू पडत नाही, याचे दुःखद उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागात आढळणाऱ्या सिकलसेल विकारात जी-ए-जी ऐवजी जी-यू-जी एवढाच फरक होतो, परंतु मधलेच अक्षर पालटल्यामुळे जलस्नेही ग्लुटामिक आम्लाच्या जागी जलद्वेषी व्हॅलीन येते आणि हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटू लागतात.

कोडॉन आणि अमिनो आम्ल यांची गाठ प्रत्यक्षात कोण घालून देते? क्रिक यांनी १९५५ मध्येच असे भाकीत केले होते की दोहोंच्या मध्ये एखादा जुळवणारा रेणू असला पाहिजे. तो रेणू म्हणजे वाहक आरएनए, आणि त्याच्या एका टोकाला कोडॉनला पूरक अशी त्रयी, म्हणजे अँटीकोडॉन, तर दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल असते. १९६२ मध्ये शापव्हिल, लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग केला: सिस्टीन वाहून नेणाऱ्या आरएनएवर ते सिस्टीन चढल्यानंतर रासायनिक क्रियेने त्याचे अॅलॅनीन करून टाकले, आणि रायबोसोमने काहीही पडताळणी न करता सिस्टीनच्या जागी अॅलॅनीन बसविले. याचा अर्थ असा की रायबोसोम केवळ अँटीकोडॉन पाहतो. अमिनो आम्लाची पारख करून ते योग्य वाहकावर चढविण्याची जबाबदारी सर्वस्वी सिंथेटेज नामक विकरांची आहे. संकेतावली जेथे खरोखर वसते ते स्थान हेच, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा एकच प्रयोग निवडावयाचा झाल्यास तो हाच होय. कारण कोडॉन आणि अमिनो आम्ल यांचा संबंध आजच्या पेशीत रासायनिक अपरिहार्यतेचा नसून मध्यस्थाच्या करारावर अवलंबून आहे, हे त्याने निर्विवाद केले.

चार मते

पहिले मत क्रिक यांनी १९६८ मध्ये मांडले आणि ते 'गोठलेला योगायोग' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांचे म्हणणे असे की आरंभी संकेतांचे वाटप बऱ्याच अंशी यदृच्छेने झाले असावे. पुढे प्रथिने पुष्कळ आणि गुंतागुंतीची झाल्यावर एका कोडॉनाचा अर्थ बदलणे म्हणजे असंख्य प्रथिनांत एकाच वेळी बिघाड करणे, आणि तो बिघाड प्राणघातक ठरत असल्यामुळे आहे ती व्यवस्था कायम झाली. या मताचे सामर्थ्य असे की संकेतावलीची सार्वत्रिकता ते सहज उलगडते. दुर्बलता अशी की तक्त्यातील व्यवस्थेविषयी ते फारसे काही सांगत नाही. क्रिक यांनी स्वतः हे मत सिद्धान्त म्हणून नव्हे, तर दुसऱ्या एका मताच्या जोडीने, तुलनेसाठी पुढे ठेवले होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

ते दुसरे मत रासायनिक आकर्षणाचे, आणि त्याचे प्रमुख पुरस्कर्ते कार्ल वूज. कोडॉन किंवा अँटीकोडॉन आणि त्याचे अमिनो आम्ल यांत मूळचेच आकर्षण असावे, आणि सिंथेटेज विकरांनी पुढे त्या नैसर्गिक जोड्याच कायम केल्या असाव्यात, अशी ही कल्पना. मायकेल येरस यांनी १९८८ मध्ये टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाच्या आरएनएत आर्जिनीन बसण्याचे एक ठिकाण दाखविले आणि तेथे आर्जिनीनचेच कोडॉन असल्याचे निदर्शनास आणले. नंतर असंख्य यादृच्छिक आरएनएंमधून अमिनो आम्लांना धरून ठेवणारे रेणू निवडून काढले असता, आयसोल्युसीन, हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन अशा काहींच्या बाबतीत बंधस्थानी त्यांचेच कोडॉन किंवा अँटीकोडॉन अपेक्षेहून अधिक वेळा आढळले. यावर मुख्य आक्षेप असा की हा पुरावा बहुतांशी मोठ्या आणि गुंतागुंतीच्या अमिनो आम्लांचा आहे, आणि ती तर संकेतावलीत उशिरा आलेली असावीत. ग्लायसीन, अॅलॅनीन यांसारख्या आद्य व लहान अमिनो आम्लांना आरएनए नेमकेपणाने ओळखू शकेल असा पुरावा नाही. हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

तिसरे मत जे. त्झे-फेई वाँग यांनी १९७५ मध्ये मांडलेले सहउत्क्रांतीचे. आरंभीच्या संकेतावलीत थोडीच अमिनो आम्ले होती. पेशीने त्यांच्यापासून नवी अमिनो आम्ले तयार केली, तेव्हा जनक आम्लाने आपल्या कोडॉनांपैकी काही अपत्य आम्लाच्या स्वाधीन केले, असे हे मत आहे. ग्लुटामिक आम्लाचे जी-ए-ए व जी-ए-जी आणि त्यापासून होणाऱ्या ग्लुटामीनचे सी-ए-ए व सी-ए-जी यांत एकाच अक्षराची तफावत आहे; शिवाय कित्येक जीवाणू आणि आर्किया आजही आधी ग्लुटामिक आम्लच वाहक आरएनएवर चढवितात आणि तेथल्या तेथे त्याचे ग्लुटामीन करतात. जी ने आरंभ होणारे सर्व कोडॉन ग्लायसीन, अॅलॅनीन, व्हॅलीन, अॅस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ल यांचे आहेत, आणि नेमकी हीच अमिनो आम्ले मिलर यांच्या १९५३ च्या प्रसिद्ध प्रयोगासारख्या निर्जीव प्रक्रियांतून तयार होऊ शकतात, ही बाबही संकेतावली टप्प्याटप्प्याने वाढल्याच्या कल्पनेला पोषक आहे. तथापि जनक-अपत्य जोड्या ठरविताना निवडीची बरीच मुभा घेतली गेली असून, जोड्यांची व्याख्या काटेकोर केली की सांख्यिकीय आधार ढासळतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत दाखविण्यात आले.

चौथे मत त्रुटींच्या निवारणाचे, आणि सर्वाधिक गाजलेला आकडा याच मताचा आहे. स्टीफन फ्रीलँड आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी १९९८ मध्ये, कोडॉनांचे गट आहेत तसेच ठेवून अमिनो आम्लांची त्यांवरील वाटणी यदृच्छेने बदलली, आणि अशा १० लाख काल्पनिक संकेतावल्यांशी प्रत्यक्षाची तुलना केली. अक्षरचुकीचा दुष्परिणाम कमी राखण्यात केवळ एकच काल्पनिक संकेतावली प्रत्यक्षाहून सरस ठरली. नैसर्गिक निवडीनेच संकेतावली घडविली, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. परंतु अशा वाटण्यांची एकंदर संख्या सुमारे २४ वर १७ शून्ये इतकी प्रचंड असल्यामुळे प्रत्यक्षाहून सरस अशा वाटण्याही अगणित निघतात. आणि दुसरे असे की वाहक आरएनए व सिंथेटेज यांची जनुके दुणावून जवळच्या कोडॉनांना सदृश अमिनो आम्ले मिळत गेली असतील, तर त्रुटिनिवारण हा गुण निवडीवाचून, आपोआपही उपजू शकतो, असे पुढील गणितांनी दाखविले. तेव्हा त्रुटिनिवारण होते ही वस्तुस्थिती पक्की आहे. ते का होते याची कारणमीमांसा पक्की नाही.

अपवादांनी काय शिकविले

१९७९ मध्ये मानवी तंतुकणिकांच्या डीएनएचा अभ्यास करताना असे आढळले की तेथे यू-जी-ए हा कोडॉन समाप्ती दर्शवीत नसून ट्रिप्टोफॅन दर्शवितो. पुढे टेट्राहायमिना आणि पॅरामीशियम यांत दोन समाप्तिदर्शक कोडॉन ग्लुटामीनसाठी, आणि कँडिडा वर्गातील काही यीस्टमध्ये ल्युसीनचा सी-यू-जी सेरीनसाठी वापरला जातो असे दिसले. सेलेनोसिस्टीन आणि पायरोलायसीन ही २१ वी व २२ वी अमिनो आम्लेही समाप्तिदर्शक कोडॉनांचाच आश्रय घेऊन प्रथिनांत दाखल होतात. काँडिलोस्टोमा या एकपेशीय जीवात तर तिन्ही समाप्तिदर्शक कोडॉनांना अमिनो आम्लेही नेमून दिलेली आहेत, आणि कोठे थांबावयाचे हे त्या कोडॉनाच्या स्थानावरून ठरते, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. असे बदल घडतात कसे, याविषयी दोन तर्क आहेत: कोडॉन आधी जनुकसंचातून नाहीसा होतो आणि नंतर नवा अर्थ घेऊन परततो, हा ओसावा आणि ज्युक्स यांचा, आणि मधल्या काळात एकच कोडॉन दोन अर्थांनी वाचला जातो, हा शुल्ट्झ आणि येरस यांचा. दोहोंनाही उदाहरणे आहेत.

मानवी हस्तक्षेपानेही हाच मुद्दा पुढे नेला आहे. जॉर्ज चर्च यांच्या गटाने २०१३ मध्ये ई. कोलाय जीवाणूतील यू-ए-जी हा समाप्तिदर्शक कोडॉन सर्व ३२१ ठिकाणांहून हटविला; २०१९ मध्ये केंब्रिज येथील जेसन चिन यांच्या गटाने याच जीवाणूचा सुमारे ४० लाख अक्षरांचा जनुकसंच नव्याने बांधून, १८,२१४ ठिकाणी फेरफार करून, ६४ ऐवजी ६१ कोडॉनांवर जगणारा जीवाणू सिद्ध केला. तो मूळच्यापेक्षा सावकाश वाढतो, परंतु वाढतो. कोणताही बदल प्राणघातकच ठरेल, हे क्रिक यांच्या मताचे टोकाचे रूप यामुळे टिकत नाही. बदल दुर्मिळ असतात आणि सहसा क्वचित वापरातील कोडॉनांपुरते मर्यादित राहतात, एवढे सौम्य रूप मात्र टिकते.

काय अनिर्णित आहे

ही चार मते परस्परांना छेद देणारीच आहेत असे नाही. आरंभीच्या काही जोड्या रासायनिक आकर्षणाने, पुढील भर जनक-अपत्य नात्याने, चुकांना सोसण्याची क्षमता निवडीने आणि शेवटचे स्थैर्य गोठण्याने आले असणे संभवनीय आहे. वाद आता प्रत्येकाचा वाटा किती आणि क्रम कोणता, याविषयी आहे. सार्वत्रिकतेच्या बाबतीतही वूज यांनी २००६ मध्ये आपल्या दोन सहकाऱ्यांसह एक निराळा विचार पुढे ठेवला: आद्य जीवांत जनुकांची आडवी देवाणघेवाण विपुल असल्यामुळे, समान संकेतावली असणाऱ्यांनाच एकमेकांच्या शोधांचा लाभ होत गेला, आणि संकेतावली त्या देवाणघेवाणीच्या ओघात एकरूप झाली.

यापेक्षा खोल प्रश्न भाषांतरयंत्रणेचाच आहे. संकेतावलीची अंमलबजावणी करणारी सिंथेटेज विकरे स्वतः प्रथिने आहेत, म्हणजेच त्याच संकेतावलीवरून घडलेली आहेत. मग पहिले विकर कोणी घडविले? आरंभीची यंत्रणा सर्वस्वी आरएनएची असू शकेल, अशी शक्यता क्रिक यांनी १९६८ मध्येच बोलून दाखविली होती. थॉमस चेक आणि सिडनी आल्टमन यांना विकरांसारखे काम करणारे आरएनए सापडल्याने, आणि २००० मध्ये रायबोसोमची रचना उलगडल्यावर साखळी जोडण्याचे नेमके स्थान आरएनएचेच बनलेले आहे असे दिसल्याने, त्या शक्यतेला मोठे बळ मिळाले. या रचनाकार्यासाठी २००९ चे नोबेल मिळविणाऱ्यांत चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन हेही होते. याच्या विरुद्ध चार्ल्स कार्टर आणि त्यांच्या सहविचारकांचे म्हणणे असे की सिंथेटेजचे जे दोन भिन्न वर्ग आहेत ते एकाच प्राचीन जनुकाच्या दोन समोरासमोरच्या धाग्यांपासून निघालेले दिसतात, म्हणून लहान प्रथिने आणि आरएनए आरंभापासून जोडीनेच उत्क्रांत झाले असले पाहिजेत. पहिल्या पक्षाचे उत्तर असे की सिंथेटेजच्या वंशवृक्षावरून पाहता ही विकरे विविध होण्यापूर्वीच बऱ्यापैकी अचूक भाषांतर अस्तित्वात होते.

या दोन पक्षांचा निवाडा आजच्या जनुकांची तुलना करून होईल असे मला वाटत नाही, कारण तो पुरावा समाईक पूर्वजापलीकडे गेला की झपाट्याने पुसट होत जातो. निवाडा व्हायचाच असेल तर तो प्रयोगाने होईल. टोकियो येथील हिरोआकी सुगा यांनी निरनिराळी अमिनो आम्ले वाहक आरएनएवर चढविणारे कृत्रिम आरएनए घडविले आहेत, आणि ही त्या दिशेने टाकलेली भक्कम पावले आहेत. परंतु अमिनो आम्लाची निवड करणे, ते योग्य कोडॉनपाशी आणणे आणि साखळी जोडणे ही तिन्ही कामे प्रथिनांच्या मदतीवाचून, केवळ आरएनएच्या बळावर करून दाखविणारी यंत्रणा अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत उभी राहिलेली नाही.